पानाच्या माथ्यावर काय लिहावं

इरा आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, तू रिटायर झालीस ना? मग रोज कसलं काम करतेस?" मी तोंड उघडायच्या आत तुमचे बाबा म्हणाले, "आजी पानं नीट लावते." उत्तर चुकीचं नाही. पण तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात आणि मला वाटलं, आता हे नीट सांगून टाकायला हवं. योगही जुळून आला आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला पडद्याकडे फार वेळ बघायला सध्या मनाई केली आहे, कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला नाही. इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादकही बरेच दिवस मागे लागले आहेत, 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हणून. तर हे त्यांनी छापावं आणि तुम्ही वाचावं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे कळतं मला. पण त्या कामात मी अनोळखी माणसांसाठी बहुतेक इंग्रजीच लिहीत आले. घरच्यांसाठी मराठी. अडेल तिथे बाबांना विचारा.

नंदुरबारच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर धडगावच्या एका सेवाभावी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. त्यांच्या परिचारिका डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर जाऊन बाळांना लशी देतात, गरोदर बायकांना तपासतात आणि सगळ्या नोंदी टॅबवर करतात. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळालेलं, पण ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं सगळी इंग्रजीत. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे, एवढी पानं मराठीत करून द्या," असं बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं.

पानं उघडली आणि माझं डोकं गरगरलं. एक पान 'चला, सुरू करू या!' म्हणत थेट मधल्याच पायरीवर उडी मारत होतं. दुसऱ्यात आधी सॉफ्टवेअरचा जन्म, मग लिहिणाऱ्याच्या गावात पडलेल्या बर्फाचं वर्णन आणि शेवटी घाईघाईने 'नोंद जतन करा'. एकाच बटणाला इथे 'पाठवा' म्हटलेलं, तिथे 'जुळवा', आणखी कुठे 'वर चढवा'. जन्मभर पुस्तकांना क्रमांक देत बसलेल्या बाईला हे बघवेना. त्या सॉफ्टवेअरची चर्चा जिथे उघड्यावर चालते त्या जागी मी सविस्तर तक्रार लिहिली, परिच्छेद पाडून. उत्तर एका ओळीचं आलं: "तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही दुरुस्त कराल का?"

मला राग आला. आपल्याकडे एखाद्या कचेरीत तक्रार केली आणि समोरचा 'मग तुम्हीच करा' म्हणाला, तर त्याचा अर्थ काय होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. मी उत्तरच दिलं नाही. मग त्याच माणसाचा पुन्हा निरोप आला, की तुम्हाला वेळ नसेल तर हरकत नाही, पण तुमच्यासारखी नजर आमच्यात कोणाकडे नाही. तेव्हा उमगलं की तो टोमणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

अशा सॉफ्टवेअरला मुक्त स्रोत म्हणतात. त्याची आतली मांडणी कोणालाही बघता येते, उचलता येते, बदलता येते. मालक असा कोणी नसतो. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्यात भर घालतात, आणि प्रत्येक बदल सगळ्यांसमोर ठेवून त्याच्यावर वाद घालतात. मला उत्तर देणाऱ्याचं नाव योनास. खूप उत्तरेकडच्या थंड देशातला. पानांची व्यवस्था तो बघायचा. मी त्याला आजपर्यंत प्रत्यक्ष भेटलेले नाही, पण त्याचा स्वल्पविराम कुठे पडतो हे मला झोपेतही सांगता येईल.

त्या लोकांनी एक साचा ठरवलेला होता, पण तो पाळायला कोणाला सवड नव्हती. पान कोणासाठी आहे, सुरू करण्याआधी हाताशी काय हवं, मग पायऱ्या, काम झालं हे ओळखायचं कसं, आणि अडलं तर काय करायचं. एवढंच. शेकड्यांनी पानं होती, ती सगळी या साच्यात बसवायची हे माझं काम झालं. त्यात माणसं काय काय भेटली! एका गृहस्थांना विशेषणांचा राग होता. मी 'छोटं हिरवं बटण' लिहिलं की ते येऊन 'छोटं' काढून टाकायचे, आणि बटण अजूनही छोटंच असायचं. एका बाईंना बर्फाचं वर्णन कापल्याचं इतकं वाईट वाटलं की त्यांनी मला त्यांच्या गावच्या बर्फाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "निदान तुम्ही तरी बघा." मी बघितला. सुंदर होता. पानात परत घातला नाही.

आता मेटाडेटा. हा शब्द ऐकला की माणसं उठून जातात, म्हणून मी मिरचीपासून सुरू करते. आपल्याकडच्या मिरचीच्या पथारी तुम्ही पाहिल्या आहेत. लाल गालिचा समजून निहारने तिथे लोळण्याचा हट्ट धरला होता आणि मग दिवसभर डोळे चोळत रडला होता. ती मिरची वाळून पोत्यात गेली की पोत्याला चिठ्ठी लागते: कोणाची, कुठल्या जातीची, कधी वाळवली. मिरची ती मिरची. चिठ्ठी म्हणजे मिरचीबद्दलची माहिती. पानांचंही तसंच. पानात लिहिलेला मजकूर ही मिरची. ते पान सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीसाठी आहे, शेवटचं कधी तपासलं, कोणी तपासलं, ही त्याची चिठ्ठी. ती फाइलच्या अगदी वर लिहायची आणि तिच्या वरखाली छोट्या आडव्या रेघा मारायच्या. मग यंत्र ती वाचतं, पानं त्याप्रमाणे लावतं, शोधणाऱ्याला बरोबर पान काढून देतं. चिठ्ठीत काही राहिलं तर लाल फुली येते, सगळं भरलं तर हिरवी खूण. मी एक पान पुरं करायची, खूण हिरवी व्हायची, आणि तिकडे कुठल्या तरी वाळवंटातल्या दवाखान्यात त्याच क्षणी तेच पान नीट झालेलं दिसायचं. याची मला सवय झालीच नाही. प्रत्येक वेळी मी खुर्चीत जरा मागे सरकून त्या खुणेकडे बघत बसायचे.

तुमचे कोरीटचे आप्पा आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, बाजाराच्या निमित्ताने येत तेव्हा त्यांना हे फार गमतीचं वाटे.

"वहिनी, काय करी ऱ्हायनात दिनभर?"

"पानं तपासते, आप्पा."

"काय भेटस यामा तुम्हले?"

"काही नाही."

"काहीच नही? अनी तो तठला गोरा?"

"त्यालाही काही नाही."

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हनजे तुम्ही बी फुकट, तो बी फुकट, अनी तरी भांडतस?"

"स्वल्पविरामावरून," मी म्हटलं. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

असं ते चालू होतं, आणि अजूनही मी ते नुसतं आवडीचं, नेटकं काम म्हणून सांगितलं असतं. पण एका दिवाळीनंतर संगीताचा फोन आला.

संगीता पावरा ही त्या दवाखान्याची परिचारिका. तोरणमाळला राहते, आणि त्याच्या पलीकडे डोंगराच्या पोटात असलेले पाडे तिच्याकडे. पानं मराठीत झाल्यावर धडगावला मी सगळ्यांना ती समजावून सांगितली, तेव्हा ती शेवटच्या बाकावर बसून एकही प्रश्न न विचारता सगळं लिहून घेत होती. घरी ती पावरी बोलते, माझ्याशी शाळेतलं मराठी.

"मॅडम, संगीता बोलते. दगडावरून बोलते, रेंज जाईल. पटकन सांगू?"

"सांग."

"ती नवीन आवृत्ती टॅबमध्ये टाकली. आता फोटोत आहे की 'साठवण रिकामी करा'. टॅबमध्ये तसं बटणच नाही. लाल आहे एक, 'सर्व पुसा'. तेच का ते?"

"कसला फोटो?"

"पानाचा. तुमचंच पान आहे. आम्ही सगळ्या असंच करतो, मॅडम. दगडावर आलं की पानं उघडायची आणि स्क्रीनचे फोटो काढून ठेवायचे. खाली पाड्यात कौलावर चढलं तरी रेंज नसते."

"बरं. त्या फोटोवर आवृत्ती कोणती आहे?"

"कुठे असते?"

"वर."

"वर फक्त पानाचं नाव आहे."

अर्थातच. आवृत्ती चिठ्ठीत होती, आणि चिठ्ठी फक्त यंत्राला दिसायची. वाचणाऱ्याला नाही. सगळीकडे तशीच पद्धत आहे, कारण पडद्यावर गर्दी नको आणि इंटरनेट असलेल्या माणसाला यंत्र आपोआप ताजं पानच दाखवतं. फोटोला यंत्र काहीही दाखवत नाही. संगीताकडचा फोटो कुठल्या तरी जुन्या आवृत्तीच्या पानाचा होता आणि ते कळायला कसलाही मार्ग नव्हता.

"संगीता, दुसरी पायरी काय आहे?"

"'तयारी पूर्ण करा.' निळ्या अक्षरात आहे."

"केलीस?"

"केली ना. टॅब चार्ज केला. हात धुतले."

ती निळी अक्षरं म्हणजे दुसऱ्या पानाची वाट होती. त्यांवर बोट ठेवलं की तयारीचं पान उघडतं आणि त्यात पहिलंच वाक्य असतं: टॅबमधल्या सगळ्या नोंदी आधी केंद्राकडे पाठवा. आमच्या धंद्याचा हा मोठा नियम: कुठलीही गोष्ट एकदाच लिहायची, बाकी सगळीकडून तिच्याकडे बोट दाखवायचं. फोटोतल्या निळ्या अक्षरांवर किती का बोट दाबा, फोटो कुठे नेत नाही.

"लाल बटणाला हात लावू नकोस," मी म्हटलं. "तुझ्या नोंदी अजून—" आणि फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. लागला नाही.

त्या टॅबमध्ये काय होतं ते सांगते. एरवी संगीता धडगावला गेली की नोंदी पाठवायची. पण पावसात तिकडचा आणि पाड्यांचा रस्ता वाहून गेला होता, त्यामुळे संगीता तेव्हापासून पायीच पाड्यांवर जात होती आणि कुठल्या बाळाला कुठली लस दिली ते सगळं त्या एका टॅबमध्ये साठलं होतं. दिवाळी झाली की त्या पाड्यांवरची कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. बायका, पोरं, कोंबड्यासुद्धा ट्रकमध्ये. कागदी कार्ड असतं, पण फडावरच्या झोपडीत कागद टिकत नाही. तिकडे फडांजवळ एक फिरता दवाखाना आहे, तो हेच सॉफ्टवेअर वापरतो. इकडून नोंद पोचली असेल तर तिथल्या परिचारिकेला कळतं, या बाळाचा पुढचा डोस राहिला आहे. नोंद नसेल तर बाळ नुसतं आईच्या पाठीवर झोळीत फिरतं, आणि गोवर काही नोंद बघून येत नाही. ट्रक परवा सकाळी येणार होते.

संगीताने माझं किती ऐकलं होतं, मला माहीत नव्हतं.

मी योनासला आणि सगळ्यांना लिहिलं: नव्या आवृत्तीत न पाठवलेल्या नोंदी असताना 'सर्व पुसा' दाबलं तर काय होतं? योनासकडे दुपारच्या जेवणाची वेळ होती. त्याने जेवण सोडून एका टॅबवर मुद्दाम खोट्या नोंदी घातल्या, बटण दाबलं आणि लिहिलं: "जातात. परत येत नाहीत." मग तेरेसा आली. ही एका दूरच्या बेटावर परिचारिकांना शिकवते. तिच्याकडे तेव्हा उजाडत होतं. ती म्हणाली, माझ्याकडे अगदी तसलाच टॅब आहे, मी एकेक पायरी करून बघते, तुम्ही लिहा.

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून एक पान लिहिलं. पडद्यावर तीन रंगांच्या तीन काड्या लुकलुकत होत्या. निळी योनासची, केशरी तेरेसाची, हिरवी माझी. माझी ओळ संपते न संपते तो बेटावरून केशरी काडी येऊन एक शब्द बदलायची: इथे 'दाबा' नको, 'दाबून ठेवा' हवं. निळी खाली पुढची पायरी मांडत असायची. कोणी कोणाला ओळखत नव्हतं म्हणावं इतकी कमी ओळख. तोरणमाळ कुठे आहे हे त्या दोघांना नकाशावर शोधावं लागलं होतं. आणि तरी तिघं श्वास रोखून एका लाल बटणाभोवती बसलो होतो.

त्या पानात एकही निळं अक्षर नव्हतं. सगळ्या पायऱ्या तिथल्या तिथे, पूर्ण. माथ्यावर ठळक चौकट: ही आवृत्ती, या दिवशी तपासलं, आणि मी हट्टाने घातलेली ओळ, 'पहिल्या पायरीला नेटवर्क लागेल, पुढे लागणार नाही'. मी ते मराठीत केलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. छापलं तर खरं. आता ते तोरणमाळला पोचवायचं कसं?

आप्पा त्या दिवशी मिरची घेऊन आलेलेच होते.

"तोरणमायले जानं शे ना? मंग इचार कसाले करतस? बठा गाडीमा."

"आप्पा, आत्ता निघालो तर घाटात अंधार होईल. सकाळी निघू."

"सकायले. मी आठेच झोपस," आप्पा म्हणाले आणि आमच्याच ओसरीवर आडवे झाले.

सकाळी निघालो. प्रकाशाचा पूल, शहादा, म्हसावद, मग काळापाणीहून चढ. सातपायरीच्या घाटात आप्पा एरवी गाणं म्हणतात. त्या दिवशी एका वळणावर एकदम म्हणाले, "वहिनी, पोरीनी दाबी दिधं व्हई ते?"

"तर मग हे पान काही कामाचं नाही."

आप्पांनी गिअर बदलला.

संगीता तिच्या खोलीच्या ओट्यावर उभी होती. बाजूला अंगणात बायका बसल्या होत्या, पोरं कडेवर. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून पाड्यांवरून आलेल्या. मी गाडीतून उतरले आणि तिच्याकडे गेले. तीच म्हणाली, "नाही दाबलं, मॅडम. टॅब पिठाच्या डब्यात ठेवलाय. वर पाटा ठेवलाय."

"माझं ऐकू आलं होतं तुला?"

"शेवटचं नाही आलं. पण तुमचा आवाज तसा कधी नसतो. म्हटलं, काहीतरी आहे."

आप्पा मागून म्हणाले, "शाब्बास व माय!" आणि खाली बसून त्यांनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला.

मग आम्ही सगळे दगडावर गेलो. खाईच्या कडेला एक मोठा सपाट खडक आहे, तिथेच काय ती रेंज मिळते. संगीता मध्ये बसली. मी छापलेलं पान धरून एकेक पायरी वाचत होते आणि ती करत होती. बायका भोवती उभ्या. पहिल्या पायरीला एक छोटं वर्तुळ फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. वाऱ्याने कागद फडफडत होता. मग पडद्यावर एक नाव आलं आणि त्याच्यासमोर खूण. मग दुसरं नाव. संगीता नावं मोठ्याने वाचू लागली. ज्या बाळाचं नाव येई त्याची आई मान हलवी, शेजारणी तिला कोपराने ढोसत आणि हसत. खाली खाई, समोर डोंगरांमागे डोंगर, आणि त्या दगडावरून एकेक बाळाचं नाव उठून जात होतं. कुठून जातं, कसं जातं, हे मला पुस्तकी माहीत आहे. मी त्याच्यावर पानं लिहिली आहेत. तरी मी हात जोडून उभी होते हे मला आप्पांनी नंतर सांगितलं.

एका आईने पावरीत काहीतरी विचारलं. संगीता म्हणाली, "विचारते, तिच्या पोराचं नाव आता कुठे आहे?"

मी म्हटलं, "ती जिथे जाईल तिथे आहे."

संगीताने सांगितलं. त्या बाईने पुन्हा विचारलं, "उसाच्या फडावर पण?"

"फडावर पण."

तिने बाळाला झोळीत सारखं केलं आणि तिथेच बसली. सगळी नावं होईपर्यंत उठली नाही. मग नोंदी संपल्या, मग पुढच्या पायऱ्या, मग शेवटी ते लाल बटण. संगीताने माझ्याकडे बघितलं. मी पान पुन्हा एकदा वाचलं आणि म्हटलं, "दाब."

आप्पा टॅबकडे वाकून बघत म्हणाले, "एवढं सगळं ह्या पाटीमाइन गयं?"

परतल्यावर खरा वाद सुरू झाला. मी मांडलं की साचाच बदलला पाहिजे: चिठ्ठी वाचणाऱ्याला दिसली पाहिजे, आणि पायऱ्या तिथल्या तिथे पूर्ण पाहिजेत. मिरचीचं उदाहरणही दिलं, की आपण चिठ्ठी पोत्याच्या आत टाकून पोतं शिवतो आहोत. योनासने विरोध केला. तो दुष्टपणाने बोलत नव्हता. एकच गोष्ट दहा पानांवर लिहिली तर पुढच्या बदलाच्या वेळी नऊ ठिकाणी दुरुस्त होते आणि दहाव्या ठिकाणी सडत राहते, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. "तुमचा प्रसंग गंभीर आहे," त्याने लिहिलं, "पण तो एक प्रसंग आहे. पानं फोटोत वाचली जातील असं धरून जगाची व्यवस्था करता येत नाही."

मी संगीताला तिच्या फोनमधल्या फोटोंच्या संग्रहाचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यात भाचीच्या लग्नाचे फोटो, होळीआधीच्या भगोऱ्याच्या बाजाराचे फोटो, आणि मध्ये मध्ये आमची पानं. रांगाच्या रांगा. तो मी चर्चेत लावला आणि खाली फक्त लिहिलं, "आपण हे असे वाचले जातो."

मग तेरेसाने एक फोटो लावला: मच्छिमार होडीच्या खोलीत, प्लास्टिकमध्ये घालून खिळ्याने ठोकलेलं आमचं पान. त्यानंतर एक तंबू, आत दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेली पानं. मग बर्फातल्या एका दवाखान्याच्या भिंतीवर कोणीतरी हाताने उतरवून काढलेलं पान, चित्रांसकट. एका वाळवंटातल्या परिचारिकेच्या वहीत पेन्सिलीने. एक पान तर कोणी कापडावर भरतकाम करून लावलं होतं. फोटो येतच राहिले. ज्या पानांवर आम्ही स्वल्पविरामावरून भांडलो होतो ती जगभर अशी टांगलेली, डकवलेली, दुमडून पदरात ठेवलेली होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी चष्मा पुसून पुसून बघत होते.

योनासने शेवटी लिहिलं, "मी ज्यांच्यासाठी इतकी वर्षं लिहितो आहे त्यांना आज पहिल्यांदा पाहिलं." आणि त्याखाली लगेच नव्या साच्याचा मसुदा. त्याचा मार्ग त्याच्याच शिस्तीतला होता: मजकूर एकदाच लिहायचा, पण पान लोकांपुढे जाताना यंत्राने तो तुकडा प्रत्येक जागी पूर्ण भरून द्यायचा. माथ्यावर चौकट, आणि एका फोटोत मावेल एवढ्या प्रत्येक भागाखाली बारीक अक्षरात पुन्हा आवृत्ती, म्हणजे कुठूनही फोटो काढला तरी चिठ्ठी सोबत जाईल. नेटवर्क कुठे लागेल हे आता भरावंच लागतं. नाही भरलं तर लाल फुली. आणि 'कोणी तपासलं' याच्या खाली त्याने एक नवा रकाना सुचवला: कुठे करून पाहिलं. त्या रकान्याच्या नावावर आम्ही पुन्हा काही आठवडे भांडलो.

होळीला माणसं पाड्यांवर परतली. संगीताने दगडावरून मला एक फोटो पाठवला. टॅबवर एका बाळाची नोंद होती, इकडच्या डोसांखाली तिकडच्या फडावर दिलेला डोस. सगळ्यांचे झाले नव्हते. काही कुटुंबं फिरत्या दवाखान्यापासून लांबच्या फडावर गेली होती, त्यांच्या नोंदींपुढे जागा रिकामीच होती. पण पुष्कळ भरल्या होत्या. दगडावर बसून राहिलेल्या त्या आईच्या बाळाचा डोस झाला होता, हे संगीताने वेगळं लिहून कळवलं.

एक गोष्ट राहिली. पावरीत एकही पान मी करू शकले नाही. मला ती भाषा येत नाही, आणि शिकायला मी फार उशिरा त्या डोंगरात गेले. संगीताने एक सुरू केलं आहे. ती म्हणते, साच्यातलं 'अडलं तर' हे पावरीत कसं म्हणावं यावर तिचं आणि तिच्या आईचं एकमत होत नाही. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

ते सॉफ्टवेअर त्यानंतर पुष्कळ बदललं. लाल बटणही आता नाही. मी लिहिलेली बहुतेक वाक्यं इतरांनी बदलली, ते योग्यच आहे. माथ्यावरची चौकट मात्र प्रत्येक पानावर, प्रत्येक भाषेत आहे, आणि तिच्यात 'कुठे करून पाहिलं' हा रकाना आहे. टॅब अद्ययावत करण्याच्या पानावर त्या रकान्यात आता बरीच गावं आहेत, काहींची नावं मला उच्चारताही येत नाहीत. पहिलं नाव तोरणमाळ. तुम्ही तुमच्या फोनवर ते उघडून बघू शकता. ते अजून तिथे आहे.

तुमची,
आजी